डीसीआयएस, स्तनाच्या कर्करोगाची शून्य अवस्था: मग शस्त्रक्रिया आणि रेडिएशन कशासाठी?

खानापूरवासी (प्रश्न):
माझ्या थोरल्या बहिणीचे वय ५४ आहे. हाताला गाठ लागत नव्हती, पण मॅमोग्राफीत डाव्या स्तनात कॅल्शियमचे बारीक कण दिसले आणि सुईने घेतलेल्या तुकड्याचा अहवाल ‘डीसीआयएस, हाय ग्रेड, ईआर पॉझिटिव्ह’ असा आला. बेळगावातील डॉक्टरांनी ही शून्य अवस्था असल्याचे सांगितले आणि लगेच शस्त्रक्रिया व त्यानंतर रेडिएशन सुचवले. दाजींचे म्हणणे, पसरलेलेच नाही तर कापायचे कशाला. काकू म्हणतात, स्तनच काढून टाका म्हणजे काळजी मिटली. पुण्याचा भाचा सांगतो की अमेरिकेत नुसते लक्ष ठेवतात. यांपैकी कोणाचे ऐकावे?

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, बेळगाव:
डीसीआयएसमध्ये (डक्टल कार्सिनोमा इन सिटू) कर्करोगाच्या पेशी दुधाच्या नलिकांच्या आतच असतात. नलिकेभोवतीचा पातळ पडदा त्यांनी ओलांडलेला नसतो, त्यामुळे त्या काखेतील गाठींत किंवा इतर अवयवांत पोहोचलेल्या नसतात. पाट भरून वाहतो आहे, पण बांध अजून फुटलेला नाही, असे समजा. सगळ्याच डीसीआयएसमध्ये पुढे तो फुटतो असे नाही, मात्र कोणाचा फुटेल हे आज खात्रीने सांगता येत नाही. हाय ग्रेडमध्ये, म्हणजे पेशी निरोगी पेशींपेक्षा फारच वेगळ्या दिसत असतील तेव्हा, ती शक्यता जास्त मानली जाते, म्हणून दाजींचा सल्ला मला पटत नाही. शिवाय सुईच्या तुकड्यात फक्त डीसीआयएस दिसलेल्या साधारण चौघींपैकी एकीच्या बाबतीत, शस्त्रक्रियेत काढलेला पूर्ण भाग तपासल्यावर, पडद्याबाहेर गेलेला कर्करोगही सापडतो.

भाचा बहुधा अमेरिकेतील कॉमेट चाचणीविषयी बोलत असावा. तिचे दोन वर्षांचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये आले. लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार ठरवून दिलेल्या गटात ५.९ टक्के स्त्रियांत आक्रमक, म्हणजे पडद्याबाहेर गेलेला, कर्करोग आढळला, म्हणजे लक्ष ठेवणे त्या मुदतीत तरी मागे पडले नाही. परंतु त्या चाचणीत कमी जोखमीचा, लो किंवा मध्यम ग्रेडचा आजार असलेल्या स्त्रियाच घेतल्या होत्या. तुमच्या ताईंना ते निष्कर्ष लागू होत नाहीत.

निपाणीची लेक:
माझ्या आईवर हेच उपचार झाले, म्हणून काकूंच्या म्हणण्याविषयी लिहिते. आजार स्तनाच्या मोठ्या भागात किंवा वेगवेगळ्या ठिकाणी असेल, तर पूर्ण स्तन काढणे योग्य ठरते. एकाच लहान जागी असेल, तर तेवढा भाग निरोगी कडेसह काढून रेडिएशन देतात, ज्याला आमच्याकडे सगळे ‘लाइट देणे’ म्हणतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात, रेडिएशन न घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के जणींना दहा वर्षांत त्याच स्तनात आजार पुन्हा झाला, तर रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही, आणि हेही डॉक्टरांनी रुग्णाला सांगायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. निव्वळ डीसीआयएससाठी केमोथेरपी लागत नाही. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या असल्याने, टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा विषय निघेल. त्या साधारण पाच वर्षे घ्याव्या लागतात.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, बेळगाव:
वरील मजकुरात एक भर. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात कडेचे अंतर नक्की पाहा. रेडिएशन देणार असतील तर निदान २ मिलिमीटर निरोगी कड अपेक्षित असते आणि ती कमी पडली तर पुन्हा थोडा भाग काढावा लागू शकतो. दुसरे मत घ्यायचे असल्यास मुंबईच्या टाटा मेमोरियलला किंवा बंगळुरूच्या किदवाईला जाताना कागदांबरोबर ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) आणि स्लाइडही (त्याच्या तपासणीच्या काचा) न्या, कारण ग्रेड ठरवताना दोन पॅथॉलॉजिस्टांचे मत वेगळे पडू शकते. त्यासाठी काही आठवडे गेले तर बिघडत नाही. काही महिने मात्र घालवू नका.

खानापूरवासी:
आभारी आहे. खर्चाचे काय? ताईंकडे बीपीएल कार्ड आहे.

निपाणीची लेक:
कर्नाटकच्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात जाण्यापूर्वी सरकारी दवाखान्याचे रेफरल पत्र लागेल का, ते आधी विचारून घ्या. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला होता. तुमचे गाव त्या यादीत असल्यास कोल्हापूरच्या किंवा मिरजेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) कोणती कागदपत्रे लागतील, याची चौकशी करा.