मदत हवी आहे: मराठी कंटेंट रायटिंगचे १७ हजार अडकलेत, पुढे लिहू की थांबू?

मळ्यातली_ताई

नमस्कार. कराडजवळच्या गावात राहते, एम.ए. मराठी झालंय, मुलगी ४ वर्षांची आहे म्हणून बाहेर नोकरी जमत नाही. दीड वर्ष झालं एका एजन्सीला घरून लेख लिहून देतेय. एजन्सीचं नाव इथे टाकत नाही कारण पैसे अजून त्यांच्याकडेच आहेत.

काम असं असतं की सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेल शीट येते, त्यात विषय, कीवर्ड आणि शब्दसंख्या. केस गळती, वास्तुशास्त्र, उपवासाच्या रेसिपी, पीएफ कसा काढावा, काहीही असतं. सुरुवातीला शब्दाला २५ पैसे होते, मग ३० केले. म्हणजे ८०० शब्दांच्या लेखाचे २४० रुपये. मुलगी झोपल्यावर १० ला बसते ते साडेबाराला एक लेख होतो, कारण मी कुठून उचलून लिहीत नाही, पीएफचा लेख असला तर नियम आधी स्वतः वाचते मग लिहिते. तासाचे शंभरसुद्धा पडत नाहीत. आमच्या आल्याच्या रानात भांगलणीला बायका येतात त्यांना दिवसाचे ३०० मिळतात आणि बाजारादिवशी रोख हातात पडतात, हे रोज डोळ्यासमोर दिसतं आणि जीव तुटतो.

पहिलं वर्ष पैसे महिन्याच्या महिन्याला आले. १० टक्के टीडीएस (आधीच कापायचा इन्कम टॅक्स) कापून उरलेले खात्यावर. आता साडेतीन महिने झाले काहीच नाही. ७१ लेख, १७,०४० रुपये. फोन केला की अकाउंट्सवाले रजेवर, क्लायंटचं पेमेंट आलं नाही, पुढच्या आठवड्यात बघू. आणि तरी शीट येतच आहे आणि मी लिहितेच आहे कारण भीती वाटते की थांबले तर मागचे पण बुडतील.

स्वतःचा ब्लॉग पण आहे, आले लागवडीवर, सासऱ्यांकडून ऐकलेलं सगळं लिहिते, बेणे कसं निवडायचं, कंदकूज कशी ओळखायची. १९ महिन्यांत अ‍ॅडसेन्सवर (ब्लॉगवरच्या गुगलच्या जाहिरातींचे) ६३ डॉलर दिसतात. १० डॉलर झाले तेव्हा पत्ता तपासायच्या पिनचं पत्र घरी आलं तेव्हा घरात सगळ्यांना दाखवलं होतं, पण १०० होईपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत.

आता टेलिग्रामवर एकांनी काम दिलंय, इमेजमधला मजकूर टाइप करायचा, पानाला ३५ रुपये, नोंदणीचे १,५०० भरायचे. उद्यापर्यंत सांगायचं आहे.

तीन प्रश्न आहेत. अडकलेले पैसे कसे काढू? टायपिंगचं घेऊ का? आणि मराठीत लिहून घरबसल्या महिन्याला निदान ८-१० हजार खरंच मिळतात का, की मी उगाच रात्री जागतेय? सासरे रोज विचारतात, "लिहून कुठं पैसं मिळत्यात व्हय?" त्यांना सांगायला माझ्याकडे नीट उत्तर नाही.

निलेश_सांगलीकर

ताई बाकीचं नंतर बोलू, आधी ते टेलिग्रामचं बंद करा. आजच. १,५०० भरू नका, आधार पॅनचे फोटो पाठवू नका आणि कसल्याही अ‍ॅग्रीमेंटवर सही करू नका.

माझ्या बहिणीबरोबर हेच झालं. काम करणाऱ्याला पैसे देतात, काम करणाऱ्याकडून पैसे मागत नाहीत, एवढं साधं आहे. नोंदणी करून घेतात, पाच दिवसांत ५०० पानं द्या म्हणतात, मुद्दाम पुसट इमेज पाठवतात, आणि तुम्ही रात्रंदिवस बसून पूर्ण केलंत तरी सांगतात की अचूकता ९० टक्क्यांच्या खाली आली, करार मोडलात, आता नुकसानभरपाई भरा. मग वकील म्हणून कुणीतरी फोन करतो, कोर्टाचा शिक्का असलेली खोटी नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर येते. बहिणीने घाबरून ६ हजार भरले, घरात चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

माहिती आधीच दिली असेल आणि धमक्या आल्या तर एक रुपया देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, जितका लवकर कराल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते.

मळ्यातली_ताई

बापरे. अजून काही पाठवलं नाही. ब्लॉक केलं आत्ता. निलेशदादा खूप खूप आभार, बहिणीचं वाचून पोटात गोळा आला.

अनुवादक_नाशिक

ताई, मी १२ वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करतो, घर यावरच चालतं. थोडं लांब लिहितोय.

अडकलेल्या पैशांचं. नवीन लेख देणं आजपासून थांबवा. भीती कळते, पण तुम्ही जितकं लिहाल तितकं त्यांचं काम फुकटात चालू राहतं, मग पैसे द्यायची घाई त्यांना कशाला होईल. दुसरं म्हणजे फोनवर बोलू नका, ईमेल करा. सोबत बिल जोडा: लेखाचं नाव, दिल्याची तारीख, शब्द, दर, रक्कम, एकूण १७,०४०. आत्तापर्यंत तुम्ही बिलच दिलं नसेल असा माझा अंदाज आहे, आपल्यातले बरेच जण देत नाहीत. मेलमध्ये १५ दिवसांची मुदत द्या. भाषा नम्र ठेवा पण तारीख स्पष्ट लिहा.

मुदतीत नाही आलं तर कराड कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जा. महिलांना तिथे वकिलाची मदत मोफत मिळते, १९८७ च्या कायद्यानेच, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस गेली की बरेचसे अकाउंट्सवाले रजेवरून परत येतात, हे मी स्वतः दोनदा बघितलंय. वसुलीला साधारण ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे पैसे बुडालेच असं समजू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, पूर्ण मोफत, पैसे मागणारी साइट असेल तर ती सरकारी नव्हे. लेखन-भाषांतराची सेवा देणारे आपण सूक्ष्म उद्योगात बसतो, आणि अशांचं पेमेंट करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत करायचं असं २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात आहे, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. नोंदणीआधीच्या बिलांना हे लागू करायचं की नाही यावर कोर्टात वाद झालेत, म्हणून या ७१ लेखांसाठी त्यावर विसंबू नका, पुढच्या कामांसाठी मात्र हाताशी राहील.

आणि टीडीएस! वर्षाची रक्कम मर्यादेच्या वर गेली की (आधी ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून ५०,०००) १० टक्के कापणं बरोबर आहे. पण कापलेले तुमच्या पॅनवर जमा केलेत का? इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन करून २६एएस बघा, त्यात पॅनवर जमा झालेला टीडीएस दिसतो. तुमचं उत्पन्न करपात्र नाही, त्यामुळे जमा असतील तर रिटर्न भरून ते परत मिळतील.

महिन्याला ८-१० हजारांचं विचारलंत. मिळतात, पण शब्दाला २५-३० पैशांच्या लेखांतून नाही मिळत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं त्यानंतर "केस गळतीवर १० उपाय" हे कुणी माणसाकडून लिहूनच घेत नाही, घेतलं तर २० पैशांत. माझ्याही धंद्यात आता निम्मं काम पोस्ट-एडिटिंगचं येतं, म्हणजे मशीनने केलेलं भाषांतर आपण सुधारायचं, दर जवळपास अर्धा आणि डोक्याला त्रास जास्त, कारण वाक्य दिसायला मराठी असतं आणि वाचलं की मराठी नसतं. तरी जिथे चूक झाली तर नुकसान होतं तिथे अजून माणूस लागतो. औषधांची माहितीपत्रकं, विमा, बँकेचे अर्ज. तुमच्यासाठी तर उत्तर तुमच्या रानातच आहे. ठिबकवाले, खतवाले, बियाणेवाले यांना मराठी माहितीपत्रकं लागतात आणि कंदकूज बघितलेला लेखक त्यांना पुण्या-मुंबईत सापडत नाही. ब्लॉगवरचे चांगले चार लेख नमुना म्हणून पाठवा. दर शब्दावर सांगू नका, पत्रकावर सांगा.

डोंबिवलीची_काकू

मी कथा लिहिते म्हणून तेवढंच सांगते. किंडलवर मराठी ई-बुक स्वतः टाकता येतं, रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के, पण अ‍ॅमेझॉनच्या भारतातल्या दुकानात ७० हवे असतील तर ते पुस्तक त्यांच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत घालावं लागतं, म्हणजे ई-बुक दुसरीकडे कुठे ठेवायचं नाही. किंडल अनलिमिटेडवाल्यांनी (महिन्याची वर्गणी भरून वाचणाऱ्यांनी) वाचलं की वाचलेल्या पानांवर पैसे, पानाला रुपयासुद्धा नाही. माझी चार पुस्तकं आहेत, चांगल्या महिन्यात ९०० येतात, वाईट महिन्यात १४०. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते, याच्यावर किराणा भरायचा विचार करू नका.

आणि बाळा, तू त्या एजन्सीला काही सही करून दिलंयस का? नसेल तर लेखांचे हक्क तुझेच आहेत. कॉपीराइट द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. पुढे कुणाशी करार केलास तर "सर्व हक्क कायमचे" हे शब्द कुठे आहेत ते शोध. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ५ वर्षं धरतात, म्हणून ते "कायमचे" मुद्दाम घालतात. माझी एक कथा अशीच गेली, दुसऱ्यांनी तिचं ऑडिओ केलं आणि मला मैत्रिणीकडून कळलं.

गोव्याचा_प्रसाद

ब्लॉगबद्दल. माझा ट्रेकिंगचा मराठी ब्लॉग आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये गुगलने भारतात सर्चच्या वर एआयचं उत्तर द्यायला सुरुवात केली, त्यानंतर साइटवर येणारे लोक हळूहळू कमी झाले. अ‍ॅडसेन्स आपल्याला साधारण ६८ टक्के देतं पण मुळात मराठी पानावरच्या क्लिकला दरच कमी असतो. तरीही ब्लॉग बंद करू नका, वर म्हटलंय तसं नमुना म्हणून तो सोन्यासारखा आहे. मला दोन रिसॉर्टचं लेखनाचं काम ब्लॉग दाखवूनच मिळालं.

मळ्यातली_ताई

सगळ्यांचे खूप आभार, चार दिवस लिहायला वेळ मिळाला नाही.

२६एएस बघितलं. एका वर्षात ४,३२० कापलेत आणि जमा दिसतात फक्त २,१६०. पहिल्या सहा महिन्यांचे आहेत, पुढचे नाहीत. माझ्याकडून कापून घेतले आणि भरलेच नाहीत, हे बघून रडूच आलं, रकमेपेक्षा त्या रात्री आठवल्या.

बिल आणि मेल परवा पाठवला, त्यात टीडीएसचं पण लिहिलं. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा स्वतःहून फोन आला! मी उचलला नाही, मेसेज केला की मेलवर कळवा. तर मेल आलाय की या शीटमधले राहिलेले ६ लेख द्या, मग सगळं एकदम क्लिअर करतो. देऊ का? ४ लिहून तयार आहेत.

अनुवादक_नाशिक

नाही. "७१ लेखांची रक्कम जमा झाली की त्याच दिवशी पाठवते" एवढंच उत्तर द्या. शाब्बास ताई, फोन उचलला नाहीत ते फार बरं केलंत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सगळ्या शीट आणि दर ठरवलेले मेसेज एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा, आणि ज्या फोनवर ते आहेत तो फोन विकू किंवा रीसेट करू नका, पुरावा म्हणून मूळ फोन लागू शकतो.

मळ्यातली_ताई

तसंच उत्तर पाठवलं. सुरुवातीचे मेसेज जुन्या फोनवर आहेत, तो मुलीला गाणी बघायला दिला होता, आत्ता काढून कपाटात ठेवला. मुदत २२ तारखेला संपते, २३ ला कराडला जाऊन येते आणि काय झालं ते इथेच लिहिते. ठिबकवाल्यांचं दुकान पण कोर्टाच्या रस्त्यालाच आहे, दोन लेखांची प्रिंट काढून नेते.