कोर्टात आला म्हणून कागद गावाचा होतो का?

कातळावरचा
काल इथे एकाने लिहिलं, "दाव्यात दाखल झालेला कागद सार्वजनिक. समोरच्याने दिला की मी तो कुठेही वापरीन." रात्रभर डोक्यात तेच होतं.

आमचा वाटणीचा दावा चालू आहे. हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा आई आजारी होती, हे दाखवायला तिची दवाखान्याची फाईल द्यावी लागली. महिन्याभरात त्यातल्या एका पानाचा फोटो वाडीच्या ग्रुपवर आला. कोपऱ्यात कोर्टाची 'निशाणी ३८' स्पष्ट दिसते, खाली गोळ्यांची नावं. बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. पाहुण्यांनी "घराण्यात हे आहे का?" एवढंच विचारलं आणि बोलणी मोडली. आई आता देवळातही जात नाही.

ती फाईल न्यायाधीशांनी बघावी म्हणून दिली होती, वाडीने चघळावी म्हणून नाही. इंग्लंडात दिवाणी दाव्यांसाठी नियम ३१.२२ आहे: उघड केलेला कागद त्या दाव्यापुरताच, एरवी कोर्टाची परवानगी किंवा देणाऱ्याची आणि मालकाची संमती हवी. आपल्या दिवाणी संहितेतला आदेश ११ कागद दाखवायला लावतो, पण पुढे तो कुठे न्यायचा नाही हे तसं लिहून ठेवत नाही.

कलमी_देवगड
ते वाक्य माझंच. ३१.२२ तुम्ही अर्धा सांगितलात. उघड सुनावणीत कागद वाचला गेला की बंधन सुटतं.

आता माझं ऐका. तौक्ते वादळात आंब्याची ४० कलमं आडवी झाली. भरपाई आलीच नाही असं चुलतभाऊ सांगत राहिला. दाव्यात त्याचं पासबुक बाहेर आलं, त्यात रक्कम जमा! मी ते तहसीलला दिलं. सरकारी पैसा होता, गप्प बसू?

दिवाणी_मालवण
वकील म्हणून सांगतो, हा वाद जुना आहे. १९८२ मध्ये इंग्लंडात हॅरिएट हार्मन या वकिलीणबाईंनी कोर्टात वाचलेले कागद पत्रकाराला दाखवले, तर हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, ३ विरुद्ध २ मतांनी तो अवमान ठरवला. नियम नंतर सैल झाला. आपल्याकडेही कोर्टातला कागद म्हणजे चावडीवरची नोटीस नव्हे. २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिऱ्हाइताला नक्कल हवी तर माहिती अधिकारातून नाही, उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कारण देऊन मागा.

परळ_टू_कणकवली
भरपाईचा विषय निघालाच आहे तर बोलतो. गावातले भाऊ आम्हा चाकरमान्यांना विचारतात कधी? संमतीपत्रावर सही हवी तेव्हाच फोन येतो.

कलमी_देवगड
आणि फवारणी, राखण, साफसफाई कोण करतं? तुम्ही मे महिन्यात पेट्या न्यायला येता!

परळ_टू_कणकवली
पेटीचे पैसे मोजतो मी. तोंड सांभाळा.

वेंगुर्ल्याचो
आमच्या सातबाऱ्यार २३ नावां, त्यातली ९ मेलेली. वारस लावूक कोण येणा नाय. आधी ह्या बघा, कागदांचा मगे बघूया.

परळ_टू_कणकवली
वारस नोंदीला तलाठ्याकडे तीन खेपा घातल्या मी, रजा टाकून. तेव्हा गावातलं कोणी बरोबर आलं नाही.

कलमी_देवगड
जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप मागा ना मग! सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदार करून देतो. पण तुम्हाला कातळ नको, रस्त्यालगतचा तुकडाच हवा.

कातळावरचा
माझ्या आईचं कुठे गेलं यात? देवगडकर, सुनावणीत वाचलेल्या कागदाचं बरोबर बोललात. पण त्याच नियमात पुढे आहे की वाचला गेला तरी कोर्ट वापराला मनाई करू शकतं. आणि आईची फाईल अजून कोणी वाचलेलीच नाही, साक्ष व्हायची आहे.

कलमी_देवगड
दवाखान्याच्या कागदापुरतं मानतो. तेवढ्यापुरतंच. पासबुकाबद्दल माघार नाही.

दिवाणी_मालवण
पासबुक तहसीलला देण्याआधी कोर्टात एक अर्ज टाकला असतात तर तुमची बाजू पक्की झाली असती. कातळावरचा, तुम्ही साक्षीच्या तारखेआधी फाईल सीलबंद ठेवण्याचा अर्ज द्या. ग्रुपवरच्या फोटोची तारीख-वेळेसह छापील प्रत जोडा.

कातळावरचा
तारीख १४ ला आहे. अर्ज उद्याच लिहून घेतो.