मदत हवी आहे : पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) वाढलेला असूनही बायोप्सी केली नाही, ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत कधीपासून धरतात?
नमस्कार मंडळी. बाबा ६९ वर्षांचे, पुण्यातलं खासगी रुग्णालय, सगळी बिलं आम्हीच भरलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये पीएसए ९.८ आला. त्या आकड्याभोवती डॉक्टरांनी निळ्या पेनाने केलेला गोल रिपोर्टवर अजून दिसतो. तरी एमआरआय नाही, बायोप्सी नाही. ‘वयामुळे ग्रंथी वाढलीय’ म्हणून ड्युटास्टेराइड ही ग्रंथी लहान करणारी गोळी सुरू केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पीएसए ५.१ आला, तर म्हणाले, ‘उतरलाय, काळजी नको.’ पण या गोळीनेच पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे खरा आकडा होता तिथेच होता! हे आम्हाला कळलं एप्रिल २०२५ मध्ये, कॅन्सर हाडांत पोचल्यावर.

रिपोर्ट, चिठ्ठ्या, पावत्या जपून ठेवल्यात. केसपेपरसाठी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. नियमाने ७२ तासांत मिळायला हवेत, महिना उलटला. दुसरे युरॉलॉजिस्ट तोंडी ‘तेव्हाच तपासायला हवं होतं’ म्हणतात, लिहून द्यायला तयार नाहीत. पोलिसांत जायचं नाही.

दोन वकिलांची दोन मतं पडली, म्हणून ज्यांनी स्वतः केस लढवलीय त्यांना विचारते : २ वर्षांची मुदत २०२३ च्या त्या भेटीपासून मोजली गेली, की निदान कळलं त्या दिवसापासून? आणि तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत तुम्ही कुठून मिळवलंत?