घरमालकाने कुलूप बदललं, सामान आत. मदत हवी आहे (सांगली)

कृष्णाकाठ
गावभागातल्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने आहेत. मालकाने कुलूप बदललं, सगळं सामान आत. पोलीस म्हणतात दिवाणी बाब, कोर्टात जा. कोर्ट म्हणजे दहा वर्षं. लवकर ताबा मिळायला कोणतं कलम लागतं तेवढं सांगा. ‘चांगला वकील गाठा’ सोडून काहीही.

भडंग_स्पेशल
करार कसला? भाडेकरार की लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती नुसती राहण्याची परवानगी)? नोंदवलेला आहे का? भाडं रोख की खात्यावर? थकलंय का? कुलूप कधी बदललं? एवढं कळल्याशिवाय कलम सांगणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं.

वखारभाग
कलम-बिलम सोडा. चार माणसं घ्या, कुलूप तोडा, आत जाऊन बसा. ताबा असेल त्याचंच चालतं.

काळाकोट
वखारभाग, हा सल्ला महागात पडेल. कुलूप तोडलं की मालक भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली गृह-अतिक्रमणाची तक्रार देतो, वर ‘आतली माझी वस्तू गेली’ म्हणून चोरी चिकटवतो. आज जे पोलीस ‘दिवाणी’ म्हणतायत त्यांनाच उद्या ते फौजदारी दिसेल. शिवाय कोर्टात ‘मी कायद्याने चाललो’ हे तुमचं एकमेव भांडवल, तेच जातं.

निवृत्त_कारकून
कोर्टाची पायरी कशाला? तहसीलदार किंवा प्रांतांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 164, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 145. कार्यकारी दंडाधिकारी मालकी बघत नाहीत, ताबा कोणाचा होता एवढंच बघतात, आणि जबरदस्तीने काढलं असेल तर ताबा परत देववतात. शांतताभंगाची शक्यता असल्याचा पोलीस अहवाल किंवा तशी माहिती लागते, म्हणून आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

कृष्णाकाठ
हे बरं वाटतंय. करार 11 महिन्यांचा, नोटरी केलेला, नोंदणी नाही. वडिलांच्या नावावर होता, ते आता नाहीत. तरी आम्ही राहतच होतो, आई भाडं देत होती. आधी रोख, गेली दोन वर्षं फोनवरून मालकाच्या खात्यावर. एक रुपया थकलेला नाही. कुलूप 14 मे ला लावलं. तारखेचा काय संबंध?

भडंग_स्पेशल
सगळा संबंध तारखेचाच आहे! मे ते ऑक्टोबर काय करत होतात?

कृष्णाकाठ
‘गणपती झाले की किल्ली देतो’ म्हणाला. मग दसरा. आम्ही कुपवाडला मावशीकडे आहोत.

काळाकोट
मग 164 विसरा. अहवाल किंवा माहिती दंडाधिकाऱ्यांकडे पोचण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत ताबा गेला असेल तरच ‘ताबा तुमचाच’ असं धरता येतं. तुमची ती मुदत जुलैतच गेली.

तुमचं कलम आहे विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) चं कलम 6. संमतीशिवाय आणि कायद्याची प्रक्रिया न करता स्थावर मालमत्तेतून काढलं गेलं तर ताबा परत मागण्याचा दावा. मालकी कोणाची हा प्रश्नच त्यात येत नाही. तीनच गोष्टी सिद्ध करायच्या: तुमचा ताबा होता, संमतीशिवाय काढलं, आणि दावा सहा महिन्यांत आला. या निकालावर अपील नाही, पुनर्विलोकनही (त्याच कोर्टाकडून फेरविचार) नाही, म्हणून तो साध्या दाव्यापेक्षा आटोपशीर राहतो. हरणाऱ्याला फार तर उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षण अर्ज (आदेश तपासण्याचा मर्यादित अर्ज) करता येतो, आणि तोही आता मुंबईला नाही, त्याच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे.

सहा महिने म्हणजे 14 नोव्हेंबर. मध्ये दिवाळीची सुट्टी. शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा चालतो, पण त्या भरवशावर राहू नका. या दाव्यात नेहमी फसतं ते इथंच: आधी वकिलाची नोटीस, पंधरा दिवस वाट, उत्तर, मग प्रतिउत्तर, आणि मुदत गेली. खासगी मालकाला आधी नोटीस देण्याचं बंधन कलम 6 मध्ये नाही. थेट दावा टाका.

निवृत्त_कारकून
सहा महिने उलटले तर सगळं संपलं असंही घाबरवू नका.

काळाकोट
संपत नाही. आधीच्या ताब्यावर किंवा भाडेकरू म्हणून हक्कावर साधा दावा नंतरही होतो. पण मग अपिलं आली, आणि त्यांना ज्या दहा वर्षांची भीती आहे ती खरी ठरायची.

पुणे_सातारा_अपडाऊन
लिव्ह अँड लायसन्स ऑनलाइन नोंदवा. मुद्रांक एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, त्यात अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून मिळवायचं. नोंदणी फी शहरात 1000, ग्रामीण भागात 500.

भडंग_स्पेशल
घराला कुलूप आहे, दादा. करार कोणाशी नोंदवायचा?

नोंदणीवरून आठवलं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं कलम 55 त्यांच्या कामाचं आहे. करार लेखी आणि नोंदवलेला करण्याची जबाबदारी मालकाची. नसेल केला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. न नोंदवणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा ‘हे नुसते लायसन्सी होते, मुदत संपली’ असं मालकाला सहज म्हणता येणार नाही.

हरिपूर_रोड
पण लायसन्सी ठरले तर कलम 6 डळमळतं ना? लायसन्सीचा ताबा कायद्याच्या अर्थाने ताबाच नाही असं म्हणणारे निकाल आहेत.

काळाकोट
आहेत. पण मुदत संपलेल्या लायसन्सीलाही मालकाने स्वतःच्या हाताने काढायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच कृष्णा राम महाले प्रकरणात सांगितलंय. खरा लायसन्सी असला तरी मालकाला भाडे कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. कुलूप बदलणं हा कुठल्याच कायद्यातला मार्ग नाही.

वादपत्रात (दाव्याच्या अर्जात) भाडेकरूचं नातं मांडलं की भाडे कायद्याचं कलम 33 येतं, म्हणजे भाड्याचा वाद कोणत्या कोर्टाने ऐकायचा ते. मुंबई-पुण्यात त्यासाठी लघुवाद न्यायालय, म्हणून तिथं कुठल्या कोर्टात जायचं यावरच वाद घालतात. सांगलीत कलम 6 आणि भाडे कायदा या दोन्ही वाटा विजयनगरला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराकडेच जातात.

कृष्णाकाठ
दोन गोष्टी राहिल्या. मालक म्हणतो वाडा धोकादायक आहे, महापालिकेची नोटीस आहे. आणि जूनमध्ये त्याने अनामतीचे 20,000 खात्यावर परत टाकले. ते खर्च झाले.

भडंग_स्पेशल
हे आत्ता सांगताय होय?

काळाकोट
अनामतीची गोष्ट जड आहे. मालक म्हणणार, पैसे घेतले म्हणजे राजीखुशीने सोडलं. कलम 6 चा सगळा डोलारा ‘संमतीशिवाय’ या शब्दावर आहे. लपवू नका. वादपत्रातच लिहा की न मागता टाकले, कुलूप आधीचं, पैसे नंतरचे, आणि रक्कम कोर्टात भरायची तयारी आहे. जूननंतर किल्लीसाठी पाठवलेले मेसेज इथं कामाला येतात. सोडलं असतं तर किल्ली कशाला मागितली असती?

हरिपूर_रोड
नोटीस डोळ्यांनी पाहिलीत का? जावक क्रमांक, तारीख, महानगरपालिका अधिनियमाचं कलम 264 (धोकादायक इमारतींचं) लिहिलेलं असतं. महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून प्रत मागा. खरी असली तरी ती महापालिकेची कारवाई, मालकाच्या कुलपाचा परवाना नव्हे. आणि इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, हे 2014 च्या शहा रतनशी खिमजी निकालात आहे.

वखारभाग
तोवर त्याने खोल्या दुसऱ्याला दिल्या तर? म्हणून म्हणत होतो कुलूप तोडा.

काळाकोट
म्हणूनच दाव्याबरोबर दोन अर्ज द्यायचे. एक, आदेश 39 खाली तिसऱ्याला खोल्या देऊ नयेत, पाडू नयेत असा तात्पुरता मनाई हुकूम. दुसरा, आदेश 26 खाली कोर्ट कमिशनर: कुलूप उघडून आतल्या सामानाची यादी, फोटो, खोल्यांची मापं. पुढे वाडा पडलाच तर तुमचं क्षेत्रफळ सांगणारा कागद तोच. आधीच कोणी राहायला आलं असेल तर त्यालाही प्रतिवादी करा.

वादी म्हणून आईंचं नाव पुढे ठेवा. वडील वारले तेव्हा त्यांच्यासोबत राहणारं कुटुंब भाडेकरूच्या व्याख्येत येतं. दुसरं, स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन 15100.

कृष्णाकाठ
आईला विचारलं, तयार आहे. पण लाइट बिलं, नोटरीचा कागद, रेशन कार्ड सगळं आतच आहे. नेऊ काय?

भडंग_स्पेशल
बिलाची दुय्यम प्रत ग्राहक क्रमांकावरून महावितरणकडून. भाड्याच्या नोंदींचा शिक्का मारलेला खातेउतारा बँकेतून, गॅसच्या पत्त्याचा कागद एजन्सीतून. नोटरीकडे नोंदवही असते, तारीख आठवत असेल तर उतारा मागा. सिटी सर्व्हे नंबर मिळकत पत्रिकेवरून घ्या, चतुःसीमेसाठी लागतो. शेजारच्या दोघांची शपथपत्रं.

काळाकोट
मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र लागतं. फोन बदलू नका, विकू नका, रीसेट करू नका.

निवृत्त_कारकून
आणि मालकाशी आता फोनवर बोलू नका. जे बोलायचं ते लिहून.

कृष्णाकाठ
त्याचा आत्ताच मेसेज आला. ‘दिवाळीनंतर बघू.’

काळाकोट
तोही ठेवा. तारखेसकट.