नवीन असेंबल कॉम्प्युटरवर कुठली ओएस टाकू आणि कशी? जुनी हार्डडिस्क पण जोडायचीये

दवबिंदू

नमस्कार मंडळी. घरी नवीन कॉम्प्युटर असेंबल करून आणलाय, रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि गिगाबाइटचा बी५५० बोर्ड. आत ओएस, म्हणजे विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम, काहीच नाहीये. दुकानदार म्हणत होता टाकून देतो विंडोज, लायसन्स कशाला हवं, सगळे असंच वापरतात. पण मी घरी डीटीपीची कामं घेते, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, लोकांचे पत्ते आणि आधारचे स्कॅन सगळं माझ्याकडे असतं, त्यामुळे कुणीतरी काहीतरी टाकून दिलेलं मला नकोच होतं, रिकामाच घेऊन आले.

आता विचारायचंय ते असं की विंडोज १० टाकू, ११ टाकू की लिनक्स? भाचा म्हणतो लिनक्स टाक मावशी, फुकट आहे आणि व्हायरसचा त्रास नाही. पण माझं काम श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, ते डोंगलवर आहे, म्हणजे लायसन्सची छोटी किल्ली कॉम्प्युटरला लावली तरच उघडतं. जुना कॉम्प्युटर विंडोज ७ चा, त्यातली १ टीबीची हार्डडिस्क काढून नवीनमध्ये बसवायचीये, माझं सगळं काम त्या डिस्कवर आहे, एक फाइलसुद्धा जाऊन चालणार नाही. ती आधी जोडू की नंतर? आणि आमच्याकडे पावसात लाइट सारखी जाते, मधेच गेली तर काय होतं? मुलगी दहावीला आहे, तीही हाच वापरणार. जरा सविस्तर सांगा प्लीज, मी स्वतः करणार आहे.

घाटमाथा

ताई, क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवायचं विंडोज, नको म्हणालात ते फार बरं केलंत. ते फुकट चालू करून देणारे अ‍ॅक्टिव्हेटर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि बंद असताना अजून काय काय आत शिरतं ते कुणाला दिसत नाही. लोकांची कागदपत्रं असलेल्या मशीनवर तर अजिबातच नको.

विंडोज ११ टाका. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नवीन मशीनवर ते टाकण्यात काही अर्थ नाही. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा) लागतं, तुमच्या प्रोसेसरमध्ये टीपीएम आहेच, बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) एएमडी सीपीयू एफटीपीएम अशा नावाने दिसेल, ते चालू आहे का बघून घ्या आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने चालू व्हायचा पर्याय) बंद ठेवा. बायोसमध्ये जायला मशीन चालू करताना डिलीट दाबत राहायचं, बूट मेनूसाठी एफ१२.

जुनी हार्डडिस्क आधी अजिबात जोडू नका. हे मी मुद्दाम ठळक लिहितोय. दोन डिस्क असल्या की विंडोजचा सेटअप कधीकधी मशीन चालू करायचं स्वतःचं छोटं बूट पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) दुसऱ्याच डिस्कवर टाकतो. विंडोज एसएसडीवर आणि बूट जुन्या हार्डडिस्कवर, आणि वर्षभराने ती डिस्क काढली किंवा बिघडली की मशीन चालूच होत नाही, माणूस समजतो एसएसडी गेली. दुसरं म्हणजे सेटअपमध्ये डिस्कची यादी येते तिथे नावं नसतात, डिस्क ० आणि डिस्क १ एवढंच आणि साइझ. चुकून भलत्या डिस्कचं पार्टिशन डिलीट केलं की तुमचं सगळं काम गेलं. केबलच लावलेली नसेल तर दोन्ही प्रश्न मिटतात. आणि त्याच्याही आधी एखादी बाहेरची यूएसबी डिस्क आणून कामाच्या सगळ्या फाइल्स तिच्यावर कॉपी करा, जुना कॉम्प्युटर चालतोय तोवरच.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागेल, त्यावरचं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचं, ते स्वतःच पेनड्राइव्ह करून देतं. हे तुमच्या विंडोज ७ वर करत बसू नका, पेनड्राइव्ह बनवायचं दुसरं टूल रुफस, त्याची नवी व्हर्जन पण ७ वर चालत नाही, कुणाचा तरी १० किंवा ११ वाला लॅपटॉप तासभर मागून घ्या. आयएसओ फाइल (सगळ्या सेटअपची एकच मोठी फाइल) नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करून काही होत नाही हेही सांगून ठेवतो, बरेच जण तेच करतात.

सुपारीबाग

वरच्यांचं बरोबर आहे, पण एक भर. सेटअपमध्ये ड्राइव्हच दिसत नाही असं झालं तर घाबरू नका, इंटेलचा व्हीएमडी (डिस्क ओळखायचा) ड्रायव्हर डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा आणि लोड ड्रायव्हर करून द्या. माझ्या भावाच्या लॅपटॉपवर हेच करावं लागलं होतं.

घाटमाथा

@सुपारीबाग ते इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून पुढच्या मशीनवर येतं, ताईंचा रायझन आहे, त्यांना लागणार नाही. त्यांना डिस्क दिसली नाही तर आधी एसएसडी नीट बसलीये का तेच बघावं.

खिळेजुळारी

दवबिंदूताई, मी वीसेक वर्षं डीटीपीतच आहे म्हणून डोंगलचं सांगतो, कारण ते वरती कुणी बोललं नाही आणि तुमचं पोट त्यावर आहे.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम त्यावर सहसा चालतात, त्याची काळजी नको. पण डोंगलचा ड्रायव्हर मात्र ६४ बिटचाच लागतो, जुन्या सीडीतला ३२ बिटचा असेल तर डोंगल ओळखलाच जाणार नाही आणि सॉफ्टवेअर उघडणार नाही. तेव्हा विंडोज टाकायच्या आधी कंपनीला फोन करा, तुमची व्हर्जन आणि डोंगलवरचा नंबर सांगा आणि ११ साठीचा ड्रायव्हर मागून घ्या. व्हर्जनच फार जुनी असेल तर अपग्रेड घ्यावं लागेल का तेही तेव्हाच विचारा. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी म्हणून एक सुरक्षा असते, ती जुने ड्रायव्हर अडवते, आणि यूट्यूबवर लोक सरळ सांगतात ती बंद करा. तुम्ही आधी नवीन ड्रायव्हर मिळवायचा प्रयत्न करा.

आणि जुना कॉम्प्युटर लगेच मोडीत काढू नका. डिस्क काढायची घाई नको, निदान हा लग्नाचा सीझन जाऊ दे. नवीनवर एक पत्रिका पूर्ण करून, प्रिंट काढून, जोडाक्षरं आणि रफार सगळं जागेवर येतंय हे डोळ्यांनी बघा, मगच जुनं बंद करा. फॉन्टची फोल्डर वेगळी कॉपी करून ठेवा, नुसत्या फाइल्स नेल्या आणि फॉन्ट राहिले की उघडल्यावर सगळा कचरा दिसतो. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येतील असे, नाहीत, दुसऱ्या कुठल्याही मराठी फॉन्टने ते वाचता येत नाहीत.

नवीन कामं हळूहळू युनिकोडमध्ये करायला लागा असं मी तरी सांगेन, शाळा आता प्रश्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर मागतात, तिथे युनिकोडच लागतं. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच आणि २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डपण आतच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

मिंटवाला

भाचा चुकीचं काही सांगत नाहीये हो. लिनक्स मिंट तुमच्या मशीनवर मस्त पळेल, ब्राउझर, लिबरऑफिस, पीडीएफ, मुलीला प्रोग्रॅमिंगसाठी पायथन, सगळं आहे आणि लायसन्सचा प्रश्नच नाही. मी स्वतः घरी फक्त मिंटच वापरतो. पण श्रीलिपी आणि डोंगल असेल तर तुमचं मुख्य काम विंडोजवरच ठेवा, वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) वगैरेवर डोंगल चालवायच्या मागे लागू नका, ऐन कामाच्या वेळी फसेल.

मुलीसाठी मात्र नक्की बघा. पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह चालवता येतं, डिस्कला हात न लावता, आवडलं तर नंतर शेजारी टाकता येतं. क्रम लक्षात ठेवा, आधी विंडोज मग लिनक्स, उलट केलं तर विंडोज स्वतःलाच पुढे करतं आणि लिनक्सचा मेनू दिसेनासा होतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करायचं, नाहीतर विंडोजचे ड्राइव्ह अर्धवट झोपलेले राहतात आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. आणि दोन्ही टाकल्यावर घड्याळ बरोब्बर साडेपाच तास चुकायला लागलं तर सेल बदलत बसू नका, लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक वेळ) धरतं आणि विंडोज आपली स्थानिक वेळ धरतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये एक ओळीची कमांड आहे, तेव्हा विचारा, देतो.

दवबिंदू

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. कंपनीला फोन केला, त्यांनी नवीन ड्रायव्हर मेल केलाय. बॅकअप झाला, नणंदेच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हपण झाला. आता अडलंय ते असं. एफ१२ दाबल्यावर पेनड्राइव्ह दोनदा दिसतोय, एकाच्या आधी यूईएफआय लिहिलंय. कुठला घेऊ? आणि होम घेऊ की होम सिंगल लँग्वेज? लायसन्स अजून घेतलेलं नाही. घरी ब्रॉडबँड नाही, मोबाइलचंच नेट आहे. आणि लाइटचं राहिलं.

घाटमाथा

यूईएफआय लिहिलेला घ्या. सेटअप की मागेल तिथे 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय असतो, तो घेऊन पुढे जा, की नंतर टाकता येते. तोवर कोपऱ्यात वॉटरमार्क दिसेल आणि वॉलपेपर वगैरे बदलता येणार नाही, बाकी चालतं. पण जी एडिशन टाकाल तीच विकत घ्या, होमची की सिंगल लँग्वेजला लागत नाही आणि उलटही नाही. सिंगल लँग्वेजमध्ये फक्त मेनूची भाषा बदलता येत नाही, मराठी टायपिंगला काही अडत नाही. शक्य असेल तर रिटेल लायसन्स घ्या, ते उद्या दुसऱ्या मशीनवर नेता येतं, ओईएम (नवीन मशीनसोबत विकलं जाणारं) त्या बोर्डलाच बांधलेलं राहतं. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांना की विकतात त्या घेऊ नका, पुष्कळदा कुठल्या तरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या असतात आणि पुढे कधीही बंद होऊ शकतात.

नेटसाठी अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, सेटअपला ते लॅनसारखं दिसतं, बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. होमच्या सेटअपला नेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट दोन्ही लागतं. डिस्कच्या स्क्रीनवर एकच साधारण ४६५ जीबीची रिकामी जागा दिसायला हवी (५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये एवढीच दिसते), ती निवडून नेक्स्ट, बाकी पार्टिशन ते स्वतः करतं.

लाइट मधेच गेली तर एसएसडीचं सहसा काही बिघडत नाही, फारतर पहिल्यापासून टाकावं लागेल, ते अर्ध्या तासाचं काम आहे. बायोस अपडेट मात्र यूपीएस नसताना कधीच करू नका, त्यात लाइट गेली तर बोर्ड जाऊ शकतो.

सुपारीबाग

आणि टाकून झाल्यावर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू झालंय का ते बघा ताई. विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून नवीन इन्स्टॉलमध्ये ते (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणं) आपोआप चालू होतं आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाते. पुढे बायोसमध्ये काही बदललं किंवा लिनक्स टाकलं की विंडोज ती की मागू शकतं, तेव्हा आजच एका कागदावर लिहून कपाटात ठेवा.

दवबिंदू

झालं! विंडोज चालू आहे, नवीन ड्रायव्हर टाकल्यावर डोंगल लगेच ओळखला, एन्क्रिप्शन चालू होतं आणि की लिहून ठेवली. एक पत्रिका उघडून प्रिंट काढली, रफार जागेवर आहेत. जुनी हार्डडिस्क खिळेजुळारीदादा म्हणाले तशी अजून जुन्यातच ठेवलीये. ती जोडेन तेव्हा जुन्या यूझर फोल्डरमधल्या फाइल्स उघडतील ना? नणंद म्हणते परवानगी नाही असं येतं.

खिळेजुळारी

उघडतील. जुन्या विंडोजचा यूझर वेगळा म्हणून परवानगी नाही असा मेसेज येतो, तिथेच कंटिन्यू दाबा, फोल्डर मोठं असेल तर थोडा वेळ घेईल. जोडल्यावर बायोसमध्ये बूट ऑर्डरला विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे ना बघा, आणि विंडोज ती डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारत आलं तर कॅन्सल करून आधी इथे लिहा.