सही करण्याआधी ओट्याखाली वाकायला लावा
"गॅसतपासणीवाला आला, सही घेतली, गेला, मग पैसे कशाला द्यायचे?" हा अनेकांचा राग रास्तच. पण म्हणून तपासणीच नको, हे नाही पटत. आधी त्याला ओट्याखाली वाकायला लावा, मग सही. आमच्याकडे मालवणात खाऱ्या हवेनं नळीची क्लिप गंजून खपली धरते, तीही नेमकी शेगडीच्या मागे, जिथे कुणाची नजर जात नाही. केशरी सुरक्षा नळीची मुदत साधारण 5 वर्षं, नळीवरच छापलेली असते. (नळी कुरतडणाऱ्या उंदरांना ती वाचता येत नाही.)

गॅसची टाकी घेताना वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूचं अक्षर आणि साल बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत; ती उलटलेली असेल तर सरळ परत पाठवा.

आणि 'वास आला तर खिडकी उघडा' एवढंच सांगणं अर्धवट आहे. टाकीतले वायू, ब्युटेन-प्रोपेन, हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतात. स्वयंपाकघर पायरीभर खाली असलेल्या चिऱ्याच्या जुन्या घरात नुसत्या खिडकीनं काय होणार? रेग्युलेटर बंद करा, मागचं दार सताड उघडा, दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही. 1906 ला, म्हणजे गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, फोन अंगणात जाऊन करा.