आरव्हीतला (राहण्याची सोय असलेल्या गाडीतला) फ्रिज गॅसवर पेटत नाही (लेडव्हिल, कोलोराडो)

प्रश्न: नमस्कार मंडळी. आम्ही लेडव्हिलजवळ मुक्कामाला आहोत, उंची १०,००० फुटांच्या वर. आमचा फ्रिज गॅसवर किंवा विजेवर चालतो. गॅसवर टाकला की ठिणगीची टकटक ऐकू येते, पण ज्योत धरत नाही आणि 'चेक'चा दिवा लागतो. शेगडी नीट पेटते. इथे वीज नाही, आणि आत आईचं इन्सुलिन आहे. काय तपासू?

उत्तर १: आधी इन्सुलिन बर्फाच्या पेटीत हलवा. कापडात गुंडाळा, बर्फाला चिकटवू नका. गोठलं तर ते वाया जातं.
शेगडी पेटते, म्हणजे सिलिंडर बहुधा ठीक आहे. गॅस बंद करून बाहेरची जाळी काढा आणि बर्नर पाहा. धुराड्यातून गंजाचे पापुद्रे त्यावर पडतात. कोळीसुद्धा बर्नरच्या नळीत जाळं विणतात, ज्योत अडायला तेवढंही पुरतं. मऊ ब्रशने झाडा. जेटमध्ये (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात) सुई मात्र अजिबात घालू नका, भोक मोठं होतं आणि ज्योत बिघडते.

उत्तर २: दादा, उंचीही विसरू नका. ५,५०० फुटांच्या वर हवा विरळ असल्यामुळे असे बर्नर विझू शकतात, म्हणून तिथे फ्रिज विजेवर चालवायला सांगतात. जनरेटर आहे का?

प्रश्नकर्ता: जनरेटर आहे. नळीत खरंच जाळं होतं! साफ केल्यावर निळी ज्योत धरली, पण अधूनमधून विझते.

उत्तर २: मग आता उंचीच नडतेय. खाली उतरेपर्यंत जनरेटरवर चालवा, आणि इन्सुलिनशेजारी थर्मामीटर ठेवा: २ ते ८ अंश सेल्सिअस.